साडेतीन-साडेआठ

पहाटे ५.५०

संक्रांत होऊन आठवडा झाला, तरी फलटणकडच्या माळावरचा गारठा हटलेला नाही. मी फिरायला निघते तेव्हा कोपऱ्यावरच्या दूध डेअरीचं शटर वर गेलेलं असतं आणि कानाला पदर गुंडाळून बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या असतात. चारलाच उठून, शेण काढून, धारा काढून आलेल्या. वाटीभर दूध मशीनला लागतं आणि आकडे उमटतात. फॅट ३.५, एसएनएफ ८.५ असलं की पूर्ण दर. एसएनएफ थोडं खाली आलं तरी बाईचा चेहरा उतरतो. मग पेंड बदलायची का, मिनरल मिक्श्चर वाढवायचं का, यावर रांगेतच बोलणी होतात. गाय नुकती व्यालेली असेल तर तिला पातळ कॅल्शियम पाजायला कुणी विसरत नाही. गाय बसली तर काय होतं, हे इथल्या पोरालाही माहीत आहे.

फॅट वगळल्यावर दुधात जो घनपदार्थ उरतो, तो एसएनएफ. त्यात प्रथिनं असतात, दुधातली साखर असते आणि कॅल्शियमसारखी खनिजं असतात. मी आहारतज्ज्ञ आहे. दिवसभर म्हाताऱ्या बायकांच्या ताटात मी ज्या दोन गोष्टी शोधते, प्रथिनं आणि कॅल्शियम, त्या या बायका रोज पहाटे मोजून, आकडा पावतीवर घेऊन, घराबाहेर घालतात. घरी ठेवतात ती चहापुरती वाटी.

सकाळी ७.१५

आई अठ्ठ्याहत्तरची आहे. तीन वर्षांपूर्वी तिची साडी लांब व्हायला लागली. निऱ्या पायात यायच्या, ती वर खोचून घ्यायची आणि म्हणायची, हल्ली साड्यांचा पन्हाच वाढलाय. मीही हसले होते. पुढे एकदा न्हाणीघरातली बादली उचलताना पाठीत कळ आली आणि एक्स-रेमध्ये दोन मणके दबलेले दिसले. पडली नव्हती, कुठे आपटली नव्हती. त्याआधी वर्षभर आम्ही दोन दवाखाने केले होते. दोन्हीकडे वयाचं दुखणं म्हणून वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. उंची कुणी मोजली नाही, काय खाता हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि माझा तर तोच धंदा. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरनं घटली असेल तर मणक्याचा फोटो काढून बघायला हवा, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. ते माझ्याच घरात साडीच्या काठावर दिसत होतं.

आता सकाळी तिला दूध घालून नाचणीची पेज आणि संगतीला मुगाचं धिरडं. ती खाते. मी डबा भरते आणि उभ्या उभ्या चहा घेऊन निघते.

८.४०

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात वरणाचं पातेलं उघडून पळी तळापर्यंत घालायची, हे माझं रोजचं पहिलं काम. पळी वर काढली की डाळ दिसली पाहिजे. स्वयंपाकाच्या मावशींना माझी ही सवय माहीत आहे. "आज घट्ट हाय, मॅडम," त्या आधीच सांगतात.

९.३०

ऑर्थोच्या बायकांच्या वॉर्डात आज बारा खाटा भरलेल्या आहेत. त्यातल्या पाच जणी साठीच्या पुढच्या: दोघींचं मनगट, तिघींचा खुबा. सात नंबरच्या आजी गोठ्यात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, परवा ऑपरेशन करून गोळा बदलला. वजन बेचाळीस किलो. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे अंडं-मटणाचा प्रश्न मिटला.

मी खाटेच्या कडेला बसले. कालच्या दिवसाचं न विचारता पडण्याआधीच्या दिवसाचं विचारलं, कारण दवाखान्यातलं खाणं खरं नसतं.

"सकाळी काय घेत होता?"

"च्या."

"संगं?"

"बटर येक. भिजवून."

"दुपारी?"

"भाकर. अर्धी-चतकोर आमटीत कुस्करायची. दात हायती कुठं?"

"आमटीत डाळ किती असती?"

आजी जरा थांबल्या. "डाळ खाली बसती की. ती पोरास्नी. वरलं पानी आपल्याला बास."

मी हे लिहून घेते तेव्हा पेन थोडं जड होतं. वीस वर्षांत हे उत्तर मी इतक्या तोंडांतून ऐकलंय, की वरणाचं पाणी हा या भागातल्या म्हातारपणाचा ठरलेला खुराकच वाटावा. संध्याकाळी मूठभर भात आणि चटणी, दिवसातून तीन चहा. बेरीज केली तर प्रथिनं वीस-बावीस ग्रॅम, कॅल्शियम फार तर सव्वादोनशे मिलिग्रॅम, तेही बरंचसं चहातल्या दुधाचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली दिलेल्या मापाप्रमाणे पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. प्रथिनांचं त्यांचं माप किलोमागे ०.८३ ग्रॅम. पण वय झालेल्या शरीराला तेवढंच स्नायू-हाड राखायला जास्त लागतं, म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी तज्ज्ञ आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरतात, आणि आजारपणात त्याहून थोडं वर. म्हणजे आजींना पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम हवं. मिळत होतं त्याच्या निम्म्याहून कमी.

"मग गोळी सुरू केलीया की कॅल्शियमची," सून म्हणाली. सून समंजस आहे, तीन रात्री खाटेखाली चटईवर काढल्यात तिनं. तिला सांगायचं म्हणून मी वहीत हाडाचं चित्र काढायला घेतलं. हाडातलं कॅल्शियम सगळ्यांना ठाऊक असतं. पण हाडाच्या वजनातला जवळजवळ तिसरा हिस्सा प्रथिनांचा असतो. त्या धाग्यांची आधी जाळी विणली जाते आणि मग तिच्यात कॅल्शियम-फॉस्फरसचे खडे बसतात. नुसत्या खड्यांचं हाड खडूसारखं तुटेल.

आजी पडल्या पडल्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "कुडावानी म्हना की. आत तुराट्या, वरनं शेनमाती. तुराट्याच नसल्या तर मातीनं धरायचं कशाला?"

मी वही मिटली. याहून चांगलं मला सांगता आलं नसतं, आणि तुराटी ज्या झाडाची त्याच झाडाची डाळ आजी पोरांसाठी तळाशी सोडत आल्या होत्या.

मग हिशेब मांडला. सकाळी आणि रात्री एकेक पेला दूध, दुपारी वाटीभर दही, दोन्ही वेळा तळापासून ढवळलेलं घट्ट वरण, दोन चमचे शेंगदाणा-तिळाची मऊ कुटलेली चटणी, आणि संध्याकाळी हुलग्याचं माडगं. माडगं ऐकून आजींचा चेहरा पहिल्यांदा उजळला. हुलगा गरिबाघरचं धान्य म्हणून मागे पडला, पण शंभर ग्रॅममागे वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं आणि अडीचशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं कडधान्य या माळावर दुसरं कुठलं पिकतं? शिवाय माडग्याला दात लागत नाहीत. एवढं पोटात गेलं की प्रथिनं पन्नाशी गाठतात आणि कॅल्शियम हजाराच्या आसपास येतं. उरलेलं गोळी भागवते. गोळी आहे ती उरलेल्यासाठी.

"दूध कुठनं आणू?" असं सून म्हणाली नाही. ती म्हणाली, "दोन गाया हायत. सकाळ-संध्याकाळ बावीस लिटर डेअरीला जातंय." आणि गप्प झाली.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मुलानं पायाचं सूप आणलं होतं. हाडाला हाड जोडतं, ही समजूत इथे पक्की आहे. त्या मुलाला मी कधीच नाही म्हणत नाही. पहाटे उठून बोकडाचे पाय शिजवून आणणाऱ्या लेकाचं मन मोडायचं नसतं. सूप तोंडाला चव आणतं, भूक उघडतं. त्यात कॅल्शियम मात्र फारसं उतरत नाही. मी एवढंच म्हटलं, "रोज दोन अंडी पण आण. बारीक करून सुपातच घाल."

११.१०

नवा डॉक्टर मुलगा हुशार आहे आणि त्याला घाई नाही, हे मला आवडतं. त्यानं विचारलं, "मॅडम, जास्त प्रोटीननं कॅल्शियम लघवीवाटे जातं ना?"

मलाही शिकताना हेच शिकवलं होतं. प्रथिनांनी रक्तात आम्ल वाढतं, ते मारायला हाड विरघळतं, म्हणून हाडं ठिसूळ असतील त्यांनी प्रथिनं जपून. माझ्या जुन्या वहीत हे वाक्य लाल शाईनं अधोरेखित आहे. किती बायकांना मी पहिली काही वर्षं डाळ बेतानं खायला सांगितलं असेल, हा विचार अजूनही टोचतो. लघवीतलं कॅल्शियम वाढतं हे खरंच होतं, पण ते येतं कुठून हे आधी कुणी नीट तपासलं नव्हतं. अमेरिकेत जेन केर्स्टेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खूण केलेलं कॅल्शियम देऊन स्त्रियांमध्ये त्याचा माग काढला. प्रथिनं वाढली की आतडंच कॅल्शियम जास्त शोषून घेत होतं, आणि लघवीतली वाढ मुख्यतः तिथली होती. प्रथिनं फार कमी केली तर उलटंच व्हायचं: शोषण घटायचं आणि हाडातून कॅल्शियम ओढणारं संप्रेरक चढायचं.

त्याला मी जिनिव्हाचा १९९८चा प्रयोगही सांगितला. खुबा मोडलेल्या ८२ म्हाताऱ्या रुग्णांपैकी काहींना सहा महिने रोज २० ग्रॅम जादा प्रथिनं दिली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दोन्ही गटांना होतंच. ज्यांना प्रथिनं मिळाली त्यांच्या दुसऱ्या, न मोडलेल्या खुब्याची झीज कमी झाली आणि पुनर्वसनासाठी रुग्णालयात राहण्याचे दिवसही घटले. वीस ग्रॅम म्हणजे दोन पेले दूध आणि मोठी वाटीभर घट्ट वरण. औषध म्हणून लिहून द्यावं इतकं साधं.

आणि २०२१चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास तर मी मोबाइलमध्ये घेऊनच फिरते. व्हिक्टोरियातले ६० वृद्धाश्रम, सात हजारांहून अधिक वृद्ध, बहुतेक स्त्रिया, सरासरी वय ८६. निम्म्या आश्रमांत नेहमीच्या जेवणात दूध, दही, चीज वाढवलं. वृद्धांचं कॅल्शियम ११०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं आणि प्रथिनं किलोमागे १.१ ग्रॅमवर. दोन वर्षांत हाडं मोडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी झालं, खुब्याचं ४६ टक्क्यांनी. पडणंही ११ टक्क्यांनी कमी झालं. ड जीवनसत्त्व त्यांना आधीपासून पुरेसं मिळत होतं, हे विसरायचं नाही. पण यात पावडरीचा डबा नव्हता की महागडी बाटली नव्हती.

"पडणं कसं कमी झालं?" त्यानं बरोबर जागी बोट ठेवलं. मांडीत मांस असलं की पाय घसरला तरी बाई सावरते.

१२.१५

ओपीडीत निवृत्त शिक्षिका आल्या. त्रेसष्ट वर्षांच्या, नीटनेटक्या, फाइलला खुणेचे कागद लावलेले. पुण्याहून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून आणलेली, कण्याचा टी-स्कोअर उणे २.७. उणे अडीच किंवा त्याच्या खाली म्हणजे ठिसूळपणा ठरलेला. बाई सगळं वेळेवर करत होत्या, फक्त सगळं एकाच वेळी: थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी, सकाळी उपाशीपोटी, एका घोटात. कॅल्शियम दुसऱ्या दोघींना नीट शोषू देत नाही. थायरॉइडनंतर चार तासांचं अंतर हवं, लोह वेगळ्या वेळी, आणि कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत. १,२५० मिलिग्रॅम छापलेल्या त्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आहारात रोज पाच भिजवलेले बदाम. पाच बदामांत साधारण पंधरा मिलिग्रॅम कॅल्शियम. डाळीनं पोट फुगतं म्हणून बंद, मुतखडा होईल म्हणून दूध बंद. मुतखड्याची भीती मला रोज भेटते. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि खड्याचा धोका उलट कमी करतं. बेहिशेबी गोळ्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत छत्तीस हजार स्त्रियांवरच्या मोठ्या अभ्यासात, २००६ साली, गोळ्या घेणाऱ्यांत खडे १७ टक्क्यांनी जास्त निघाले, आणि खुब्याच्या बाबतीत म्हणावा तसा फरकही दिसला नाही. म्हणून आधी ताट. मूग मोड आणून, हिंग-आलं घालून, अर्ध्या वाटीपासून सुरू करायला सांगितलं.

त्यांनी आठवड्याची हाडांची गोळी मात्र स्वतःच्या मनानं सोडली होती. तिथे मी कडक झाले. टी-स्कोअर उणे २.७ असताना दूध-डाळ त्या गोळीची जागा घेत नाही. ती गोळी हाडाची झीज रोखते, दूध-डाळ हाडाला माल पुरवते. त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं.

पाठोपाठ आलेल्या बाईंचं क्रिएटिनिन वाढलेलं. इथे माझा हात आखडतो. मूत्रपिंड थकलेलं असताना पन्नास ग्रॅमचा आग्रह धरायचा नसतो. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मी त्यांच्या कागदावर एक आकडाही लिहिला नाही.

२.२०

डबा उघडायला वेळ झाला नाही. चहा आणि दोन तिळगूळ.

३.४५

बचत गटाचं हळदी-कुंकू. मला बोलवायला आल्या तेव्हा मी एकच अट घातली होती, सगळ्या बायकांना बोलवा. ज्यांना या कार्यक्रमाचं आमंत्रण येत नाही त्यांचीच हाडं मला पाहायची आहेत. गटाच्या अध्यक्षबाईंनी शब्द पाळला. मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात पुढची रांग पांढऱ्या केसांची आणि मोकळ्या कपाळांची होती. त्यातल्या एका आजींनी दारातच विचारलं, "आमी यायचं नव्हं?" आणि अध्यक्षबाईंनी हात धरून त्यांना बसवलं. वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा न देता या वर्षी स्टीलची वाटी दिली, दीडशे मिलिलिटरची. दही याच वाटीनं खायचं, म्हणजे माप चुकत नाही.

मी भाषण करत नाही. खुर्च्या मांडल्या आणि म्हटलं, हात छातीशी धरून पाच वेळा उठा-बसा. तिशीतल्या सुना झरझर उठल्या. पुढच्या रांगेत बहुतेकींचे हात आपोआप गुडघ्यावर गेले. एकीला दुसऱ्यांदा उठताच आलं नाही. मांडव गप्प झाला. मग मी डेअरीपासून सुरुवात केली. साडेतीन-साडेआठ म्हटल्याबरोबर सगळ्या माना वर आल्या. गाईला पेंड किती, मिनरल मिक्श्चर किती, कॅल्शियम किती, सगळं त्यांनीच मला सांगितलं. मी म्हटलं, आता सासूबाईंना डाळ किती, ते सांगा.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं आणि पहिली पाच-सात वर्षं हाड झपाट्यानं झिजतं. म्हणून हे सुनांनीही ऐकायचं, त्यांची वेळ दहा वर्षांवर आहे. रोज अर्धा तास अंगावर ऊन, कारण ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम आतड्यातून तसंच पुढे जातं. तीळ सालीसकट घ्या. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळातलं बरंचसं कॅल्शियम सालीबरोबर गेलेलं असतं. एकादशीला साबुदाणा खाल्लात तर त्यात ना हे ना ते. राजगिऱ्याची लाही दुधात घाला, शेंगदाण्याची आमटी करा, उपास मोडत नाही.

प्रश्न आले. पहिला नेहमीचाच, मोबाइलवरचा: गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून खाल्ला तर? मी नको म्हटलं. चुना तोंड-घसा भाजतो, त्याचं माप कुणाच्या हातात नाही, आणि ज्या दह्यातून तो घ्यायचा त्या दह्याच्या वाटीतच दोनशे मिलिग्रॅम आहे. मिश्रीचा विषय मीच काढला, कारण तो कुणी काढत नाही. तंबाखूनं हाड झिजतं. पुढच्या रांगेतल्या दोघींनी पदर तोंडाला लावला.

सगळ्यात जास्त मला लागलं ते एका आजींचं बोलणं. सत्तरीच्या असतील. म्हणाल्या, "बाई, दूध हाय घरात. पन मागायचं कसं? खानारं तोंड आन् कामाचा हात, ह्यातलं मी आता नुसतं तोंड हाय." माझ्या वहीतल्या कुठल्याच आकड्यात हे बसत नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यांच्या मागे बसलेली त्यांची सून उठली, पुढे आली आणि त्यांच्या शेजारी बसली. कुणी काही बोललं नाही. वाट्या वाटायला सुरुवात झाली.

६.३०

परतीच्या एसटीत फोन आला. सात नंबरच्या आजींची सून. संध्याकाळी नवऱ्यानं डेअरीला लिटरभर दूध कमी घातलं होतं आणि तेवढं वॉर्डात पोचतं केलं होतं. "आत्याबाई इचारत्यात, रातच्याला दही चालतं का?" चालतं, मी सांगितलं. फिजिओच्या मॅडमनी आज वॉकर धरून चार पावलं चालवलं होतं. हेही तितकंच मोलाचं. भार पडल्याशिवाय हाडाला भरायची गरजच कळत नाही.

रात्री ९.२०

आईचं जेवण झालं. मी वही उघडली, उद्याच्या खाटांसाठी. मागच्या पानावर आजचे सगळे ताळेबंद होते. का कोण जाणे, खाली माझंही लिहायला घेतलं. सकाळी चहा. दुपारी चहा, तिळगूळ. चारला हळदी-कुंकवाचं मसाला दूध, अर्धा पेला. रात्री पोळी, भाजी, आईला वाढून उरलेली थोडी आमटी. बेरीज वीस ग्रॅमच्या आत. बावन्न वर्षांची आहे मी, पाळी जाऊन दोन वर्षं झाली, वजन अठ्ठावन्न किलो.

आईनं वहीत डोकावून पाहिलं. तिला आकडे वाचता येतात. ती सावकाश उठली, एका हातानं ओट्याला धरलं, आणि फ्रिजमधून दोन अंडी काढून पातेल्यात ठेवली. गॅस पेटवायला मी गेले. डबाही अजून पिशवीत होता, मटकीची उसळ, सकाळची. वास घेऊन पाहिली, थंडीमुळे चांगली राहिली होती. गरम केली आणि आईसमोर बसून पूर्ण खाल्ली.